ईआयजीआरपी आणि डीएमव्हीपीएन: एका हबवर टांगलेल्या शाखांसाठी किती कामाचं?

सिस्कोच्या आयओएस आणि आयओएस-एक्सई राउटरवर डीएमव्हीपीएनचा टनेल (इंटरनेटवरून शाखा जोडणारा खाजगी मार्ग) आणि त्यावर ईआयजीआरपी (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायचा सिस्कोचा प्रोटोकॉल), ही जोडी बँका, पतसंस्था, वितरक, औषधांच्या साखळ्या अशा अनेक शाखांच्या नेटवर्कमध्ये आजही भरपूर दिसते. मुख्यालयात एक किंवा दोन हब, शाखांमध्ये छोटे राउटर, मध्ये साधं ब्रॉडबँड किंवा ४जी. आमचं मत आधीच सांगून टाकतो: जोडी चांगली आहे, पण डब्यातून निघते तशी चालवायला घेतली तर त्रास देणार. ईआयजीआरपीच्या मूळ सेटिंग एका इमारतीतल्या किंवा कॅम्पसच्या नेटवर्कला शोभणाऱ्या आहेत. हब-आणि-स्पोकमध्ये, म्हणजे मुख्यालय हब आणि शाखा स्पोक अशा मांडणीत, त्यातल्या किमान चार बदलाव्या लागतात, आणि लोक नेमकी पाचवीच बदलून बसतात, जी बदलायची गरज नसते.

ती पाचवी म्हणजे स्प्लिट होरायझन.

नियम साधा आहे. ज्या इंटरफेसवरून एखादा रूट, म्हणजे एखाद्या नेटवर्कचा रस्ता, कळला, त्याच इंटरफेसवरून तो परत जाहीर करायचा नाही. दोन राउटरमधल्या सरळ लिंकवर हा नियम अगदी रास्त आहे. पण डीएमव्हीपीएनच्या हबवर सगळ्या शाखा एकाच टनेल इंटरफेसवर येतात. समजा हब पुण्याला, टनेलचं सबनेट १७२.१६.०.०/२४, साताऱ्याची लॅन १०.२०.११.०/२४ आणि सांगलीची १०.२०.१२.०/२४. साताऱ्याचा रूट हबला टनेल-० वरून कळला. सांगलीही टनेल-० वरच आहे, म्हणून हब तो रूट सांगलीला सांगत नाही. दोन्ही शाखांचे नेबर (ईआयजीआरपीने जोडलेले शेजारी राउटर) चालू दिसतात, पुण्याहून दोन्हीकडे पिंग जातो, सातारा-सांगली मात्र बंद. नवख्या माणसाला इथे आयपीसेकचा (टनेलच्या एन्क्रिप्शनचा) संशय येतो आणि तो तासभर क्रिप्टो तपासत बसतो. हबवर ‘शो आयपी रूट’ आणि शाखेवर ‘शो आयपी रूट’ शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की दोन मिनिटांत उलगडा होतो.

मग शोधाशोध होते आणि उत्तर हाती लागतं: हबच्या टनेलवर ‘नो आयपी स्प्लिट-होरायझन ईआयजीआरपी १००’ (१०० हा ईआयजीआरपीला दिलेला क्रमांक). कमांड मारली की सातारा-सांगली सुरू. काम झालं असं वाटतं. शाखा दहा-बारा असतील तर खरंच झालंही. शाखा दोनशे झाल्या की हिशोब वेगळा होतो. आता प्रत्येक शाखेच्या टेबलात बाकी १९९ शाखांचे रूट आहेत, आणि कुठल्यातरी गावात वीज गेली, राउटर पडला, की त्या एका सबनेटची बातमी हबला उरलेल्या १९९ ठिकाणी पोचवावी लागते. एमजीआरई टनेलवर (एकाच इंटरफेसवर अनेक शाखा घेणाऱ्या टनेलवर) मल्टिकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवायचं पॅकेट, ही प्रत्यक्षात प्रत्येक शाखेसाठी वेगळी प्रत. वीज आली, पुन्हा तेच. पावसाळ्यात ग्रामीण शाखांच्या लिंक दिवसातून कितीदा पडतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यातलं दुखणं वेगळं सांगायला नको.

डीएमव्हीपीएनच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे शाखा-शाखा थेट टनेलच्या जुन्या पद्धतीत, याला इलाज नव्हता. शाखेने शाखेशी थेट टनेल बांधायचा तर समोरच्या शाखेचा नेमका रूट आणि नेमका नेक्स्ट-हॉप (पुढचा राउटर) हाती हवा, म्हणून हबवर स्प्लिट होरायझनही बंद करायचं आणि ‘नो आयपी नेक्स्ट-हॉप-सेल्फ ईआयजीआरपी १००’ हेही लावायचं. तिसऱ्या टप्प्याने ही गरज संपवली, एनएचआरपी या शाखांचे खरे पत्ते शोधून देणाऱ्या प्रोटोकॉलच्या मदतीने. हबच्या टनेलवर ‘आयपी एनएचआरपी रिडायरेक्ट’, शाखेच्या टनेलवर ‘आयपी एनएचआरपी शॉर्टकट’, आणि हबवरून शाखांना फक्त एक सारांश: ‘आयपी समरी-अॅड्रेस ईआयजीआरपी १०० १०.२०.०.० २५५.२५५.०.०’. हा सारांश हबने स्वतः तयार केलेला असतो, हबच्या टेबलात तो नल-० कडे (पॅकेट टाकून देणाऱ्या नकली इंटरफेसकडे) बोट दाखवून बसतो, त्यामुळे स्प्लिट होरायझन चालू असूनही टनेलवरून बाहेर जातो. साताऱ्याने सांगलीसाठी पहिलं पॅकेट या सारांशावर हबकडे पाठवलं की हब ते पुढे ढकलतो आणि साताऱ्याला एनएचआरपीने कळवतो की जवळचा रस्ता आहे. सातारा चौकशी करतो, सांगली थेट उत्तर देते, आणि साताऱ्याच्या टेबलात ‘एच’ अक्षराचा १०.२०.१२.०/२४ रूट येऊन बसतो. खात्री करायची तर ट्रेसरूट दोनदा मारा. पहिल्यात मध्ये १७२.१६.०.१ दिसेल, दुसऱ्यात नाही.

दोनशे शाखांसाठी प्रत्येक शाखेत एकच रूट. कुठे वीज गेली याचा बाकीच्यांना पत्ताही नाही. जुन्या दुसऱ्या टप्प्याच्या कॉन्फिगमधून ‘नो स्प्लिट-होरायझन’ ही ओळ नव्यात जशीच्या तशी उतरवलेली सर्रास दिसते. सारांश असताना ती निरुपयोगी आहे. पुढे कोणी सारांश काढला, तर दोनशे रूटचा लोंढा शाखांवर सोडणारीही तीच.

सारांशाला दोन काटे आहेत आणि दोन्ही टोचतात.

पहिला मेट्रिकचा, म्हणजे रस्ता किती महाग हे सांगणाऱ्या आकड्याचा. सारांशाचं मेट्रिक ईआयजीआरपी त्याच्या पोटातल्या सगळ्यात कमी मेट्रिकच्या रूटवरून घेतं. तो नेमका रूट पडला की सारांशाचं मेट्रिक बदलतं आणि अपडेट सगळ्या शाखांना जातं. म्हणजे जे टाळायला सारांश केला तेच मागच्या दाराने परत. शिवाय पोटातला कुठलाही रूट हलला की हबला मेट्रिक पुन्हा तपासावं लागतं, आणि रूट शेकड्यांनी असले की सीपीयूवर ते दिसतं. उपाय आहे ‘समरी-मेट्रिक १०.२०.०.०/१६’ पुढे पाच ठरीव आकडे देऊन मेट्रिक खिळवून टाकणं. ज्या जुन्या आयओएसमध्ये ही कमांड नाही, तिथे सारांशाच्या हद्दीतला एक लूपबॅक (आभासी इंटरफेस) हबवर ठेवून ईआयजीआरपीत आणतात. त्याचं मेट्रिक सगळ्यात कमी आणि तो पडत नाही.

दुसरा काटा नल-० चा, आणि तो दोन हब असले की टोचतो. शाखांना दोन्ही हबकडून १०.२०.०.०/१६ मिळतो, पहिला हब पसंतीचा. सांगलीचा पहिल्या हबकडचा टनेल पडला, दुसऱ्याकडचा शाबूत आहे. साताऱ्याला यातलं काही कळत नाही, कारण पहिला हब अजूनही सारांश सांगतोच आहे. साताऱ्याचं पॅकेट पहिल्या हबवर येतं, तिथे १०.२०.१२.०/२४ नाही, सारांश नल-० ला, पॅकेट गायब. इकडे देखरेखीचा पडदा हिरवागार, कारण सगळ्या शाखा कुठल्या ना कुठल्या हबवर चालू आहेत. म्हणून दोन हबमध्ये लॅनवरून ईआयजीआरपी नेबर हवाच, आणि त्या लिंकवर सारांश लावायचा नाही. तिथून नेमके रूट इकडून तिकडे गेले पाहिजेत. मग पहिला हब सांगलीचं पॅकेट दुसऱ्याला देतो. ही लिंक एकच केबल आणि एकच स्विच यांवर ठेवू नये, हे वेगळं सांगायला नकोच, पण ठेवलेली असते.

इथे रिप या जुन्या, साध्या राउटिंग प्रोटोकॉलशी तुलना करून बघू, कारण स्वस्तातल्या राउटरवर अजूनही तो पर्याय समोर येतो. रिप-२ दर ३० सेकंदांनी सगळं टेबल पाठवतो. एका पॅकेटात जास्तीत जास्त २५ रूट, म्हणजे आयपी हेडर धरून ५३२ बाइट. टेबलात ५०० रूट आणि शाखा २०० असतील तर दर फेरीला २० पॅकेट गुणिले २०० प्रती, ४००० पॅकेट, सुमारे २१ लाख बाइट. जीआरई (टनेलचं आवरण) आणि आयपीसेकचा भार वेगळाच. आणि हे सगळं काहीही बदललेलं नसताना. बदल झाल्यावर सिस्कोवर इनव्हॅलिड १८० सेकंद, होल्डडाउन १८०, फ्लश २४०. शाखा न सांगता गेली तर हबला तीन मिनिटं पत्ता लागत नाही. रिपवर स्प्लिट होरायझन बंद करायचंच झालं तर फक्त हबवर करा. शाखांवरही बंद केलंत तर शाखेची लॅन पडल्यावर हबचा जुनाच रूट शाखा खरा मानू शकते आणि तोच हबला परत सांगते. मेट्रिक दोघांत टोलवत १६ पर्यंत चढतं. ईआयजीआरपीत ही अडचण येत नाही. नेबरने सांगितलेलं अंतर आपल्या स्वतःच्या आजवरच्या सर्वात कमी अंतरापेक्षा कमी नसेल तर तो रस्ता बदली म्हणून आपोआप उचललाच जात नाही. ड्युअलची (ईआयजीआरपीच्या रस्ता निवडायच्या रीतीची) ही अट नसती तर हबवर स्प्लिट होरायझन बंद करण्याची हिंमत कोणी केली नसती.

ड्युअलचीच दुसरी बाजू म्हणजे क्वेरी. मुख्यालयातला एक सर्व्हर सबनेट पडला, हबकडे बदली रस्ता नाही. हब रूट ‘अॅक्टिव्ह’ करतो आणि सगळ्या नेबरना विचारतो, तुमच्याकडे आहे का? दोनशे शाखांना प्रश्न जातो, ज्यांच्याकडे तो असण्याची शक्यता शून्य. प्रत्येकाचं उत्तर येईपर्यंत हब अडकलेला. कुठल्यातरी डोंगरातल्या ४जीवरच्या शाखेचं उत्तर आलं नाही, तर दीड मिनिटाने हब विचारतो ‘अजून शोधतोयस का’, आणि तरीही शांतता असेल तर त्या नेबरला तोडतो. लॉगमध्ये ‘स्टक-इन-अॅक्टिव्ह’. म्हणजे सर्व्हर पडला मुख्यालयात आणि शाखा तुटली भलतीच.

इलाज प्रत्येक शाखेवर एक ओळ: ‘ईआयजीआरपी स्टब कनेक्टेड समरी’. शाखा हॅलोमधूनच सांगते की मी टोकाचा राउटर आहे, मला विचारू नका. हब विचारतच नाही. दोन हब असले तर दुसरा फायदा: मुख्यालयातली लिंक तुटल्यावर शाखेचं बिचारं २० एमबीपीएसचं ब्रॉडबँड दोन हबमधला महामार्ग बनत नाही. तपासायला हबवर ‘शो आयपी ईआयजीआरपी नेबर्स डिटेल’. प्रत्येक शाखेखाली स्टब आणि ‘सप्रेसिंग क्वेरीज’ दिसलं पाहिजे. एका शाखेत ओळ राहिली तर क्वेरी त्या एका शाखेला जातच राहते, तेव्हा यादी शेवटपर्यंत वाचा. ही कमांड चालू राउटरवर मारली की नेबर एकदा पडून उठतो, म्हणून दुपारी बारा वाजता नको.

स्टबमध्ये लोक अडकतात ते दोन ठिकाणी. नुसतं ‘ईआयजीआरपी स्टब’ लिहिलं तर फक्त कनेक्टेड आणि समरी जातात. शाखेतल्या एटीएमचा किंवा सीसीटीव्हीचा स्टॅटिक रूट हबला दिसत नाही. त्यासाठी स्टबच्या ओळीत ‘स्टॅटिक’ही हवं आणि ‘रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक’ही. दुसरं, शाखेत मागे आणखी एक राउटर ईआयजीआरपी बोलत असेल तर त्याच्याकडून शिकलेले रूट स्टब राउटर पुढे जाहीर करत नाही. तिथे लीक-मॅप (निवडक रूट सोडणारी यादी), नाहीतर नेम्ड मोडमधलं (कॉन्फिगच्या नव्या पद्धतीतलं) स्टब-साइट. एका राउटरच्या शाखेला यातलं काही लागत नाही.

आता बँडविड्थ. टनेल इंटरफेसची मूळ बँडविड्थ नव्या आयओएसमध्ये १०० केबीपीएस धरलेली असते, जुन्या १२ मालिकेत तर ९. ईआयजीआरपी स्वतःच्या पॅकेटसाठी याच आकड्याचा निम्मा वाटा वापरतो आणि त्या बेताने पॅकेट सोडतो. हब रीलोड झाला, दोनशे नेबर एकदम उभे राहतात, आणि अपडेट ५० केबीपीएसच्या नळीतून थेंब थेंब गळतात. प्रत्यक्ष लिंक १०० एमबीपीएसची असली तरी ईआयजीआरपीला ते माहीत नसतं. ओळखायची खूण पक्की आहे: क्लासिक (जुन्या) मोडमध्ये शाखेच्या गिगाबिट लॅनचा रूट हबवर [९०/२६८८०२५६] असा (तिरक्या रेघेनंतरचा आकडा मेट्रिक) दिसला की टनेलला कोणी हात लावलेला नाही. ‘बँडविड्थ १०००’ आणि ‘डिले १०००’ दिलंत की तोच आकडा २८१६२५६ होतो. दुसऱ्या टनेलला ‘डिले २०००’ द्या, तो ३०७२२५६ वर जाऊन राखीव राहील. मुख्य-राखीव ठरवायला नेहमी डिलेच वापरा. बँडविड्थ खालीवर केली तर मेट्रिकबरोबर पॅकेट सोडण्याचा वेगही बदलतो, आणि क्यूओएसचं (वाहतुकीला प्राधान्य देण्याचं) गणित त्यावर बेतलेलं असेल तर तेही. मेट्रिकमध्ये डिले येतो तो रूट ऐकणाऱ्याच्या इंटरफेसचा, म्हणून हब आणि शाखा दोन्हीकडे बदल करायला हवा. एकीकडेच केला तर जाताना एक रस्ता, येताना दुसरा. नेम्ड मोडमध्ये मेट्रिक ६४ बिटांचं, तिथे हे आकडे दिसणार नाहीत.

टायमर: मूळ हॅलो (मी जिवंत आहे हे सांगणारं पॅकेट) ५ सेकंद, होल्ड (नेबर गेला असं मानण्याआधीची मुदत) १५. मोठ्या हबवर आणि डळमळीत ब्रॉडबँडवर हे फार कडक आहे. २० आणि ६० ठेवा. होल्ड-टाइम आपण लावतो तो आपल्यासाठी नसतो, तो हॅलोमधून समोरच्याला सांगितला जातो. हबने शाखेची ६० सेकंद वाट बघावी असं वाटत असेल तर ६० शाखेवर लिहायचे. हबवरच लिहून ‘फरक पडत नाही’ म्हणणारे कमी नाहीत.

नेबर उभाच राहत नाही किंवा उठून पडतो, याची कारणं मोजकी आहेत. हबच्या टनेलवर ‘आयपी एनएचआरपी मॅप मल्टिकास्ट डायनॅमिक’ नसेल तर शाखेचा हॅलो हबला पोचतो, हबचा शाखेला नाही. हबवर नेबर दिसतो, क्यू-काउंट (पोच न मिळालेली पॅकेट) १, एसआरटीटी (पोच यायचा सरासरी वेळ) ०, आरटीओ (पुन्हा पाठवण्याआधीची मुदत) ५०००. शाखेवर टेबल रिकामं. सव्वा मिनिटाच्या आसपास ‘रिट्राय लिमिट एक्सीडेड’ आणि पुन्हा पहिल्यापासून. हाच संदेश एखाद-दोन शाखांनाच येत असेल तर मल्टिकास्ट सोडा, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. हॅलो लहान असतो, जातो; मोठं अपडेट पीपीपीओई किंवा ४जीच्या वाटेत अडतं. टनेलवर ‘आयपी एमटीयू १४००’ आणि ‘आयपी टीसीपी अॅडजस्ट-एमएसएस १३६०’, दोन्ही टोकांना. मग डीएफ-बिट (पॅकेट तोडू नका ही खूण) लावून १४०० बाइटचा पिंग टनेलमधून जातो का ते पाहा. तरीही गेला नाही तर त्या शाखेपुरता आकडा आणखी खाली.

टनेलवरून डीफॉल्ट रूटच पाठवायचा असेल, म्हणजे शाखेचं इंटरनेटही मुख्यालयातून, तर आणखी एक खड्डा आहे. शाखेला हबचा सार्वजनिक पत्ता टनेलमधूनच जवळचा वाटू लागतो, टनेल स्वतःच्याच आतून जायला बघतो, आणि लॉगमध्ये ‘टनेल-० टेम्पररिली डिसेबल्ड ड्यू टू रिकर्सिव्ह राउटिंग’. हबच्या पत्त्यासाठी वेगळा स्टॅटिक रूट लावून भागतं खरं, पण शाखा-शाखा थेट टनेल त्याने सुटत नाहीत. नीट उत्तर म्हणजे वॅन (इंटरनेटकडचा) इंटरफेस वेगळ्या व्हीआरएफमध्ये (राउटरातल्या वेगळ्या रूट-टेबलात) आणि टनेलवर ‘टनेल व्हीआरएफ’. नव्याने बांधताय तर पहिल्या दिवसापासून हेच करा. चालू शाखेत नंतर लांबून बदलायला गेलात तर स्वतःचाच प्रवेश तोडून बसाल.

बदलता सार्वजनिक पत्ता असलेल्या ब्रॉडबँडवर शाखा नव्या पत्त्याने नोंदणी करायला जाते आणि हब जुन्या नोंदीवर अडून ‘युनिक अॅड्रेस रजिस्टर्ड ऑलरेडी’ म्हणतो. शाखेवर ‘आयपी एनएचआरपी रजिस्ट्रेशन नो-युनिक’ लावा आणि एनएचआरपीचा होल्डटाइम मूळ ७२०० सेकंदांवरून ३०० ते ६०० वर आणा. दोन शाखा सीजीनॅटमागे (सेवा कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेल्या सार्वजनिक पत्त्यामागे) असतील तर त्यांच्यातला थेट टनेल बहुतेक वेळा जमत नाही, वाहतूक हबमार्गेच राहते. हबची बँडविड्थ विकत घेताना हे धरा.

पर्यायांचं बोलायचं तर ओएसपीएफ हा दुसरा राउटिंग प्रोटोकॉल या आकाराला मुळातच अवघडतो: एका एरियाच्या (राउटरांच्या गटाच्या) आत सारांश करता येत नाही, म्हणून एका शाखेची उचकी सगळ्या शाखांच्या डेटाबेसला. बीजीपी हा तिसरा प्रोटोकॉल, हबवर रूट रिफ्लेक्टर (एका शाखेचे रूट बाकीच्यांना पोचवणारा) आणि ‘बीजीपी लिसन रेंज’ लावून, शाखा फार वाढल्या किंवा राउटर वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तर ईआयजीआरपीपेक्षा बरा. मात्र त्याचे मूळ ६०/१८० टायमर कमी करावे लागतात. ईआयजीआरपी २०१६ मध्ये आरएफसी ७८६८ म्हणून प्रसिद्ध झाला, पण तो माहितीपर दस्तऐवज आहे, प्रमाण नाही, आणि व्यवहारात तो सिस्कोचाच राहिला. एफआरआर या राउटिंगच्या मुक्त सॉफ्टवेअर संचात ईआयजीआरपीडी आहे, पण त्यांच्याच दस्तऐवजात ते अल्फा म्हटलेलं आहे. उत्पादनात लावू नका. सिस्कोचा स्वतःचा ओढाही आता एसडी-वॅनकडे (केंद्रातून सॉफ्टवेअरने चालवायच्या शाखाजोडणीकडे) आहे, हे पाच वर्षांची खरेदी करताना लक्षात असू द्या.

आधीच सिस्कोचे राउटर असतील, शाखा काही शेकड्यांत असतील आणि कॉन्फिग कळणारा एक माणूस पगारावर असेल, तर आमच्याकडून पाचात चार. एक गुण कापला तो मूळ सेटिंगसाठी: एमजीआरई टनेलवर ईआयजीआरपी चालू करताना राउटरने निदान बँडविड्थ १०० केबीपीएस आहे एवढा इशारा तरी द्यायला हवा होता. खरेदीच्या वेळी आयपीसेकसाठीचा सिक्युरिटी परवाना कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून आहे का ते बघा, कारण विक्रेता ‘राउटिंग तर बेसमध्येच येतं’ म्हणतो ते खरं असतं, पण बऱ्याच मॉडेलांत टनेलचं एन्क्रिप्शन त्यात येत नाही.